उतारावरचा तिसरा गियर

जड वाहनाच्या परवान्याचे पाकीट पोस्टमनने हातात दिले, तेव्हा धम्मरत्नने ते लगेच उघडले नाही. सकाळपासून तो जिनिंगमध्ये कापसाच्या ट्रॉल्या ओढून आला होता आणि बोटांना ग्रीस लागलेले होते. अंगणातल्या नळावर त्याने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मगच पाकिटाची कड फाडली.

दारात उभी राहून त्याची पत्नी दीपा हे सारे पाहत होती. "अवो, लायसन आहे ते. नाजूक लेकरू नाई, एवढं दोन हातांनी धरायले."

"फोटोवर ग्रीस लागलं तं पोलीस मलेच ओळखणार नाई," धम्मरत्न म्हणाला. परवाना त्याने उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा वाचला.

त्या लहानशा कार्डाची या घराने दीर्घकाळ वाट पाहिली होती. धम्मरत्न पांढरकवड्याच्या एका जिनिंग कारखान्यात हंगामी कामगार होता. कापूस येऊ लागला की काम सुरू होई, कापूस सरला की कामही सरे. दीपा औषधांच्या दुकानात बसत असे. तिचा पगार बारमाही होता, पण लहान. मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम घरी यावी, एवढीच या दोघांची आकांक्षा होती. आणि महामार्गावरच्या त्या गावात ऋतुमान न पाहता चालणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे ट्रक.

ही विद्या धम्मरत्नला दिली ती नेमसिंग चव्हाण यांनी. वय साठीकडे झुकलेले, मिशा पांढऱ्या, आवाज हॉर्नसारखा. दहाचाकी ट्रक त्यांच्या स्वतःच्या मालकीचा होता. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदेशी नेत असत. त्यामुळे वाहतूक ही त्या बंजारा घराण्यात केवळ उपजीविका नव्हती, तो कुळाचा आचार होता. गाडीत चढण्यापूर्वी नेमसिंग पायरीला हात लावून तो कपाळी नेत आणि सेवालाल महाराजांचे नाव घेतल्यावाचून किल्ली फिरवीत नसत. धम्मरत्न सुट्टीच्या दिवशी शेजारच्या आसनावर बसू लागला, तेव्हा महाराजांच्या तसबिरीलगत बुद्धाची बोटभर मूर्ती त्यांनीच आपल्या हाताने चिकटवून दिली होती. "तू मनातल्या मनात जे म्हणतं ते म्हण," ते म्हणाले होते, "पण तोंड रस्त्याकडं ठेव."

त्यांनी त्याला क्लच शिकवला, अरुंद फाटकातून गाडी मागे घेणे शिकवले, कापसाच्या दाबलेल्या गठाणींवर ताडपत्री कशी आवळावी तेही शिकवले. परंतु सर्वांत जपून दिलेली विद्या उताराची होती. उतार लागला की नेमसिंग डाव्या हाताने गियरचा दांडा अलगद मधोमध आणीत. गाडी न्यूट्रल होई, इंजिनाची घरघर शांत होई आणि माल भरलेला ट्रक स्वतःच्या वजनाने, नुसत्या वाऱ्याच्या आवाजात खाली जाऊ लागे. वेग ब्रेकने आवरायचा. "चढाले पैसे लागते, उतार फुकट," हे त्यांचे सूत्र होते. डिझेल वाचवण्याची ही रीत त्या पिढीच्या चालकांत प्रतिष्ठेची मानली जाई. दांडा केव्हा सरकला हे शेजारी बसलेल्यालाही कळू नये, एवढी ज्याच्या हाताला सफाई, तोच उस्ताद.

परवाना आल्याच्या संध्याकाळी धम्मरत्न गाडीतळावर गेला. तिथे एक रिवाज होता. नव्या चालकाने उस्तादाच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी नारळ फोडायचा आणि परवाना स्टिअरिंगवर ठेवायचा. उस्तादाने तो उचलून शिष्याच्या खिशात घालायचा. त्यानंतर शिष्याने निदान वर्षभर उस्तादाचीच गाडी चालवायची. हे कुठे लिहिलेले नव्हते, आणि म्हणूनच ते मोडण्याची कोणाची छाती होत नसे.

नारळ फुटला. नेमसिंगांची पत्नी बिजलीबाई गूळ घेऊन आल्या होत्या. तळावरची सारी मंडळी त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणत. नेमसिंगांनी परवाना उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली.

"फोटोत तं साहेब दिसून राह्यला, लेका."

"फोटूतच," याडी म्हणाल्या आणि गुळाचा खडा धम्मरत्नच्या तोंडात कोंबला.

परवाना खिशात घालताना नेमसिंग म्हणाले, "आता सालभर माह्या गाडीवर. जेवण माह्यं, भत्ता माह्या मनानं. पगाराचं हात बसल्यावर पाहू."

तोंडात गूळ असल्यामुळे धम्मरत्नला काही बोलता आले नाही. नेमसिंगांनी तो होकार समजला.

घरी दीपाने मुलीला जेवायला वाढले आणि मग शांतपणे विचारले, "हात बसल्यावर म्हंजे कधी?"

"सालभरानं."

"अन् तोवर आपण काय खायचं? भत्ता?"

"सगळे असेच शिकले दीपा. उस्तादबी असेच शिकले."

"सगळे शिकले म्हणून कोणाच्या घरचा सिलिंडर फुकट आला काय?"

मग दोघांनी हाताशी असलेले मार्ग एकेक करून तपासले. मारेगावात राहणारा दीपाचा भाऊ वणीकडे कोळशाच्या टिपरवर होता. तिथे नव्या चालकाला लगेच घेत. पैसे फेरीवर मिळत, जितक्या फेऱ्या तितके पैसे. परंतु खाण बंद राहिली तर फेरी नाही, आणि भाऊ बोलता बोलता जसा खोकत असे ते दीपाला पाहवत नसे. एसटीची भरती केव्हा निघेल ते कोणालाच ठाऊक नव्हते आणि निघाली तरी तिथे अनुभव मागत. शाळेच्या बसवर जागा होती, पण तोही पगार शाळा सुरू असेपर्यंतच.

"एक राह्यलं," दीपा म्हणाली. दुकानात औषध घ्यायला आलेल्या एका बाईकडून तिने ते ऐकले होते. सुमार्ग रोडलाइन्स नावाच्या वाहतूक कंपनीने महामार्गालगत नवा तळ उभारला होता. ही कंपनी नव्या परवानाधारकांना तीन महिने स्वतःच शिकवी आणि त्या काळात दरमहा बारा हजार रुपये विद्यावेतन देई. राहणे, जेवणही कंपनीचेच. शिक्षण पुरे झाले की नोकरी, ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि अपघाताचा विमा. अट एकच होती. प्रथम गाडी चालवून दाखवायची, आणि जो परीक्षेत उतरेल त्यालाच घ्यायचे.

धम्मरत्न परवाना पुन्हा हातात घेऊन बसला. ज्या व्यवस्थेत तो वाढला तिथे शिष्य गुरूला देतो. शिकणाऱ्यालाच कोणी वेतन द्यावे, ही कल्पना त्याला सुखद वाटली, आणि थोडी अनुचितही.

"उस्तादाले काय सांगू?"

"आधी पास तं व्हा," दीपा म्हणाली. "मंग दोघं मिळून सांगू. मी गूळ घेऊन येईन."

परीक्षा घेणारे नंदकिशोर देव हे कंपनीचे प्रशिक्षणप्रमुख होते. सैन्यात वाहनचालकांना शिकवून ते निवृत्त झालेले. आवाज हळू, सदरा इस्त्रीचा. त्यांनी धम्मरत्नकडून गाडीभोवती फेरी मारून टायर तपासून घेतले, आरसे लावून घेतले, गाडी मागे घेऊन दाखवायला सांगितली. प्रत्येक वेळी ते फक्त "बरं" म्हणत. मग वाळूच्या पोत्यांनी भरलेला ट्रक करंजीच्या दिशेने महामार्गावर निघाला. धम्मरत्नचा हात स्थिर होता. पुढच्या वाहनापासून त्याने अंतर राखले, रस्त्यावर आलेल्या गाईला हॉर्न न वाजवता वाट दिली. नंदकिशोरांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता दिसू लागली.

मग लांब उतार लागला. पळसाच्या झाडांमधून रस्ता खाली जात होता. गाडी सुरेख उतरली. उताराच्या तळाशी नंदकिशोर म्हणाले, "गाडी बाजूला घ्या."

धम्मरत्नने गाडी थांबवली.

"आत्ता काय केलंत?"

"काई नाई सर. उतार होता."

"गियर कुठे आहे?"

धम्मरत्नने खाली पाहिले. दांडा मधोमध होता. आपल्या हाताने तो केव्हा सरकवला हे त्याचे त्यालाही आठवत नव्हते.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" नंदकिशोरांनी विचारले. स्वरात राग नव्हता. ठाऊक करून घ्यायचे होते, एवढेच.

धम्मरत्नच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशा आल्या, पायरीला लावलेला हात आला. "कोणी नाई, सर. मीच आपल्या मनानं."

"मनानं शिकलेला हात इतका अलगद चालत नाही," नंदकिशोर म्हणाले. पण त्यांनी अधिक विचारले नाही. "ऐका. गियरमध्ये असलेली गाडी इंजिन धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये तिला कोणी धरत नाही. सारा भार ब्रेकवर जातो. ब्रेक तापतात, आणि फार तापले की पकडेनासे होतात. तुम्ही आज खाली आलात, कारण उतार लहान होता. आमच्या गाड्यांत यंत्र बसवलेलं असतं, असं केलं की ते कार्यालयात लगेच कळवतं. पण मी यंत्रासाठी सांगत नाही."

"पुन्हा नाई होणार, सर."

"तुमचा शब्द खरा असेल. पण सवय हाताला आहे, आणि हात शब्द ऐकत नाही. या महिन्याच्या अखेरीस दुसरी संधी देतो. तोवर भरलेली गाडी एखाद्या खऱ्या घाटातून गियरमध्ये उतरवून या. परीक्षेतही हात असाच सरकला, तर वर्षभर बोलावता येणार नाही."

कंपनीच्या तळावर गाडी परत लावून धम्मरत्न पायीच घरी निघाला. भरलेली गाडी आणि खरा घाट! आप्तपरिचितांत भरलेली गाडी त्याच्या हाती देईल असा मनुष्य एकच होता.

गाडीतळावर नेमसिंग खाटेवर बसून टायरमध्ये हवा भरून घेत होते. शेजारी याडी मिरच्यांची देठे काढत होत्या. धम्मरत्नने उभ्या उभ्याच सारे सांगितले. कंपनी, विद्यावेतन, उतार, सारे. आपण उस्तादांचे नाव घेतले नाही, ही गोष्ट तेवढी त्याने सांगितली नाही.

नेमसिंगांनी हवेची नळी बंद करायला लावली.

"म्हंजे मी तुले चुकीचं शिकवलं?"

"तसं नाई उस्ताद."

"मंग कसं? चाळीस साल झाले मले. निर्मलचा घाट मी झोपेत उतरतो. अन् काल आलेली कंपनी मले सांगन गियर कुठं ठेवाचा? अन् तू! माह्या गाडीवर बसून माह्यीच विद्या पुसाची, अन् डिझेलही माह्यंच जाळाचं?"

"मंग कोणाच्या गाडीवर पुसन तो?" याडी मिरच्यांवरून नजर न काढता म्हणाल्या. "शेजाऱ्याच्या? तुमी लावला डाग, तुमीच काढा."

"तू गप राह्य. तुले काय समजते उतार?"

"मले उतार नाई समजत. मले येवढं समजते का तुमी हैदराबादेले जाता तवा मी चार दिस झोपत नाई."

नेमसिंगांनी मिशीवरून हात फिरवला, टायरला एक लाथ मारून पाहिली. "बारा हजार," ते स्वतःशीच म्हणाले. "शिकाचे! माह्या उस्तादानं मले शिकवतानी तीन साल निस्त्या शिव्या देल्ल्या."

"म्हणूनच तुमच्याजवळ तेवढ्याच भरल्या," याडी म्हणाल्या.

तळावरचे लोक हसले. नेमसिंगही ओठांच्या एका कोपऱ्यात हसले आणि लगेच गंभीर झाले. "परवा गठाणी घेऊन सूतगिरणीले जाणं हाये. हैदराबाद रस्ता. चाल. पण गाडीले काई झालं तं तुह्या कंपनीले संगं घेऊन येजो."

गाडी निघाली ती पहाट उजाडल्यावर. केळापूरला जगदंबेच्या दिशेने नेमसिंगांनी हात जोडले. धम्मरत्नने स्टिअरिंगवरचे हात न सोडता मनात त्रिशरण म्हटले. पाटणबोरी मागे पडली, पैनगंगा ओलांडली, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे तेलुगू, गोलाकार झाली. आदिलाबादच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला. निर्मल घाटाच्या माथ्यावर धम्मरत्नने गाडीचा वेग आधीच कमी केला आणि तिसरा गियर टाकला.

इंजिन मोठ्याने घुमू लागले. ज्या उतारावर नेमसिंगांनी सदैव वाऱ्याचा आवाज ऐकला होता, तिथे आता गाडी जणू चढ चढत असल्यासारखी ओरडत होती.

"ऐक, ऐक. रडून राह्यली ते."

"इंजिनानं तिले धरून ठेवलं हाये, उस्ताद."

"धरून? बैलगाडी माघून येऊन राह्यली का पाह्य. या चालीनं गेलो तं पोहोचेपर्यंत गठाणीचे कपडे शिवून होईन."

धम्मरत्नचे डोळे रस्त्यावर होते. पहिल्या वळणावर त्याचा डावा हात आपणहून उचलला गेला. त्याने तो पाहिला, आणि परत स्टिअरिंगवर ठेवला. दुसऱ्या वळणावरही तसेच झाले. तिसऱ्या वळणानंतर हात उचलला गेला नाही. शेजारी मात्र नेमसिंगांचा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर अस्वस्थ होता. प्रत्येक उतरणीला तो गुडघ्यावरून डावीकडे सरके आणि तिथे दांडा नाही असे पाहून परते. धम्मरत्नने ते पाहिले, आणि पाहिल्याचे दाखवले नाही.

घाट संपतो तिथे एक हॉटेल आहे. त्या वाटेने जाणारे बहुतेक जुने चालक तिथे थांबतात. चहा हे निमित्त. खरे कारण चाके. न्यूट्रलमध्ये घाट उतरलेल्या गाडीची चाके तापून करपल्याचा वास येत असतो, आणि ती निवेपर्यंत पुढे जाता येत नाही. नेमसिंगांचा तर नेम होता. उतरायचे, आसनाखालचा पत्र्याचा डबा काढायचा, नळावर भरायचा आणि प्रत्येक चाकाला पाणी दाखवायचे. पाणी चर्र करून वाफ होई. मगच चहा.

आजही ते उतरले. डबा काढला, भरला आणि मागच्या चाकाशी जाऊन वाकले. पाणी ओतण्यापूर्वी, सवयीने, त्यांनी तळहात ब्रेकच्या ड्रमजवळ नेला. हात तिथेच राहिला. मग त्यांनी तो आणखी जवळ नेला. मग चक्क ड्रमवर टेकवला.

धम्मरत्न दुरून पाहत होता. तो जवळ गेला नाही.

नेमसिंग दुसऱ्या चाकाशी गेले, तिसऱ्या चाकाशी गेले. एकेका चाकावर त्यांनी पालथा हात ठेवून पाहिला, जसा घरातले वडीलधारे आजारी मुलाच्या कपाळावर ठेवून पाहतात. गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालून ते परत आले तेव्हा डबा काठोकाठ भरलेलाच होता. हॉटेलच्या कुंपणाशी एक मोगऱ्याचे झाड सुकत चालले होते. सारे पाणी त्यांनी त्याच्या मुळाशी ओतले, डबा आसनाखाली ठेवला आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "दोन चहा. कडक."

ग्लास खाली ठेवताना एवढेच म्हणाले, "याडीले यातलं काई सांगजो नको."

परतीच्या प्रवासात स्टिअरिंग त्यांनी स्वतः घेतले. पैनगंगेच्या अलीकडच्या एका छोट्या उतारावर त्यांचा हात दांड्यावर गेला, क्षणभर तिथे राहिला आणि निघाला. धम्मरत्न खिडकीबाहेरचे कापसाचे शेत पाहत होता. पांढरकवड्याच्या पंपावर टाकी भरून घेतली तेव्हा डिझेल नेहमीपेक्षा दोन-तीन लिटर अधिक लागले. नेमसिंगांनी पंपावरच्या माणसाशी त्यावरून भरपूर भांडण केले. ते त्यांना आवश्यक होते.

तळावर गाडी लावल्यावर नेमसिंगांनी किल्ली काढली, पण खाली उतरले नाहीत.

"तिथं बारा देते म्हणतं?"

"हाव."

"मी आठ देतो."

धम्मरत्नला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्या तळावर शिकणाऱ्याला कोणी कधी पगार दिला नव्हता.

"महिन्याच्या महिन्याले. वरून जेवण, भत्ता. अन् गाडी तुह्या मनानं उतरवजो, मी बोलणार नाई. माह्यं वय झालं, लेका. दोन हात कमी पडते आता." ते समोर पाहत बोलत होते. "सालभराचा रिवाज हाये. तो मी नाई लावत तुले. मी इचारून राह्यलो."

उस्तादांनी आज्ञा केली असती तर नकार सोपा होता. हा प्रश्न जड होता. आठ हजार आणि उस्ताद, बारा हजार आणि परके लोक. तेवढ्यापुरते पाहिले तर मन उस्तादांकडेच झुकत होते. परंतु तीन महिन्यांनंतर काय, हा दीपाचा प्रश्न त्याच्या कानांत होता. उस्ताद देतील तोवर आठ. गाडी आजारी पडली, उस्ताद आजारी पडले, कापूस सरला, तर पुन्हा जिनिंगच्या दाराशी उभे राहायचे. विमा नाही, निधी नाही.

"उस्ताद," तो म्हणाला, "तुमी आठ म्हटलं ते मी जन्मभर नाई विसरणार. पण मले जाऊ द्या. मले बारमाही पाह्यजे. पोरगी शाळेत हाये."

नेमसिंगांनी किल्ली खिशात टाकली.

"अन् एक मागू? तुमच्याकडं उद्या दुसरा कोणी शिकाले येईन. ते आठ त्याले द्या."

"अबे, तू जाऊन राह्यला तं जाय! वरून माह्या घरचा खर्च कायले वाढवतं?" नेमसिंग गरजले, पण गरजण्यात आता नेहमीचा रंग परतला होता. धम्मरत्न डॅशबोर्डवरची बुद्धाची मूर्ती काढू लागला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. "ते राहू दे. तिले या गाडीची सवय झाली."

दुसरी परीक्षा त्याच रस्त्यावर झाली. पळसाला कळ्या धरू लागल्या होत्या. उताराच्या माथ्यावर धम्मरत्नने तिसरा गियर टाकला. इंजिन घुमत राहिले, गाडी आपल्या चालीने खाली आली आणि त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तळाशी त्याने न सांगताच गाडी बाजूला घेतली.

नंदकिशोरांनी दांड्याकडे पाहिले. "बरं," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "एवढ्या थोड्या दिवसांत हाताची सवय सहसा जात नाही. कोणी शिकवलं?"

"नेमसिंग चव्हाण. पांढरकवड्याच्या गाडीतळावर असते. माहे उस्ताद."

"मागच्या वेळी तर म्हणालात, कोणी शिकवलं नाही."

"मागच्या वेळी तुमी ज्याचं इचारलं ते चुकीचं होतं सर. ते माह्यं होतं."

नंदकिशोर त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांना किती कळले हे सांगता येत नाही. पण या वेळीही त्यांनी अधिक विचारले नाही. "सोमवारी सामान घेऊन या. विद्यावेतन पहिल्या दिवसापासून सुरू होईल. गाडी वळवा."

कंपनीच्या फाटकाबाहेर येऊन धम्मरत्नने प्रथम दीपाला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक होते. ती फक्त "हं" म्हणाली, आणि लगेच, कोणालातरी औषध देता देता, "गूळ आणते मी" असे म्हणाली. मग त्याने उस्तादांना फोन लावला.

"झालं?" नेमसिंगांनी विचारले. मागे याडींचा आवाज येत होता, काय म्हणते, काय म्हणते.

"झालं, उस्ताद. सोमवारपासून."

"उताराले कोणता टाकला?"

"तिसरा."

पलीकडे नेमसिंगांनी याडींना तो आकडा सांगितला.

"अन् डिझेल किती गेलं?"

"ते कंपनीचं होतं, उस्ताद."

"कंपनीचं असलं म्हणून काय झालं," नेमसिंग म्हणाले. "इचारून घेत जाय."